टाको की रस्सा? स्लो कुकरमधल्या चिकनबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी या पानावर चिकन टिंगाची चार ओळींची कृती काय दिली, मेलबॉक्स भरून गेला. कृती एवढीच होती : बोनलेस चिकन, कांदा, टोमॅटो, लसूण, चिपोत्ले (धुरावर वाळवलेली मेक्सिकन मिरची) स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात टाका, चार-पाच तासांनी काट्यांनी चिकन सुटं करा, मक्याच्या टॉर्टियात म्हणजे मेक्सिकन पातळ पोळीत भरा, झाला टाको, आणि खा. टिंगा हा मेक्सिकोतल्या प्वेब्लाकडचा प्रकार, तिथं तो तोस्तादावर म्हणजे कडक तळलेल्या टॉर्टियावर घालून पण खातात. आता तुमची पत्रं वाचून कळतंय की चार ओळी फारच कमी झाल्या, चूक माझीच. म्हणून या वेळी दुसरं काहीच नाही, फक्त टाको.

प्रश्न (डॅलस, टेक्सस) : ताई, सकाळी आठला चिकन ब्रेस्टचे चार मोठे तुकडे, तुम्ही सांगितलेलं सगळं सामान आणि दोन कप पाणी घालून स्लो कुकर लो वर लावला नि ऑफिसला गेले. संध्याकाळी सहाला आले तर घरभर वास एकदम मस्त, पण भांड्यात पाणीच पाणी आणि चिकन मात्र तोंडात कापसासारखं कोरडं. टॉर्टियात भरलं तर खालून फाटला. नवरा म्हणाला भात लाव. काय चुकलं?

उत्तर : भात लावून संपवलं असेल तर वाया काही गेलं नाही, आधी ते डोक्यातून काढ. आणि तुला एकटीलाच असं झालंय असं समजू नकोस. मी सॅन अँटोनियोत नवीन राहायला गेले तेव्हा शेजारी प्वेब्लाकडची एक बाई राहायची, पन्नाशीची, आम्ही सगळे तिला नुसतं सेन्योरा म्हणायचो. मी पहिल्यांदा टाको केले तेव्हा मोठ्या कौतुकानं तिच्याकडे दोन घेऊन गेले. तिनं एक उचलला, तोंडाशी नेला आणि सगळा रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. ती कोपराकडे बघत म्हणाली, "सोपा?" मला वाटलं विचारतीये करायला सोपा आहे का, तर मी मान डोलावून, "हो हो, खूप सोपा!" स्पॅनिशमध्ये सोपा म्हणजे सूप हे मला चार महिन्यांनी कळलं.

तर मुद्दा हाच आहे, पाणी. आपला हात कढईचा आणि प्रेशर कुकरचा. कढईत पाणी उडून जातं म्हणून आपण आधीच जास्त घालतो, आणि कुकरला तर पाणी लागतंच नाहीतर तो करपतो. स्लो कुकरमध्ये वाफ वर जाते, झाकणाला लागते, थेंब होऊन परत खाली पडते, बाहेर जवळजवळ काहीच जात नाही. शिवाय चिकन स्वतःचं पाणी सोडतं, कांदा सोडतो, टोमॅटो सोडतो. म्हणून पाणी अजिबात घालायचं नाही, एक चमचासुद्धा नाही. पहिल्यांदा भीती वाटते की खाली लागेल, पण लागत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेस्ट. त्यात चरबी कमी, त्याला दहा तास दिले की आतलं पाणी सगळं बाहेर आणि राहतो तो चोथा. म्हणजे तुझ्या भांड्यातलं निम्मं पाणी तू घातलेलं नि उरलेलं चिकनमधून आलेलं, म्हणूनच एकाच भांड्यात पाणी पण आणि कोरडं चिकन पण. त्याऐवजी थाय घे, म्हणजे मांडीकडचं बोनलेस मांस. त्यात स्नायूंना धरून ठेवणारं कोलॅजेन जास्त असतं, ते सावकाश शिजताना विरघळून जिलेटिन होतं आणि मग दोरे सुटतात तरी मऊ राहतात. मटणाच्या पायाचं सूप बोटांना चिकटतं ना, तेच ते. ब्रेस्टच हवं असेल तर लो वर अडीच-तीन तासांत बघ, त्यापुढे नको.

माझं माप सांगते. एक किलो थाय, दोन मोठे कांदे उभे पातळ चिरून, तीन टोमॅटो (नाहीतर चारशे ग्रॅमचा डबा, भाजलेल्या टोमॅटोचा मिळाला तर उत्तम), पाच-सहा लसूण पाकळ्या, डब्यातल्या दोन-तीन चिपोत्ले आणि त्यांच्याभोवतीचा आदोबो सॉस एक मोठा चमचा, एक छोटा चमचा ओरेगॅनो, अर्धा चमचा जिरं, एक तमालपत्र, सव्वा चमचा मीठ. टोमॅटो, लसूण, चिपोत्ले मिक्सरमधून काढायचं. कांदा मात्र कच्चा टाकू नकोस, आधी तेलावर चांगला परतून घे, कडा तांबूस होईपर्यंत. स्लो कुकरमध्ये कांदा तांबूस होत नाही, नुसता उकडतो, आणि उकडलेल्या कांद्याचा तो गोडसर वास मग शेवटपर्यंत जात नाही. हे दहा मिनिटांचं काम टाळून सगळं एकदम भांड्यात ओता असं सांगणाऱ्या कृती खूप फिरतात, मी त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही.

मग लो वर चार ते पाच तास किंवा हाय वर अडीच-तीन. बऱ्याच कुकरमध्ये लो आणि हाय शेवटी जवळपास एकाच तापमानाला पोचतात, हाय लवकर पोचतो एवढंच. झाकण मध्ये मध्ये उघडून बघायचं नाही, एकदा उघडलं की पंधरा-वीस मिनिटांची ऊब गेली म्हणून समज. फ्रीझरमधलं दगड झालेलं चिकन तसंच टाकायचं नाही, आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेव, कारण गोठलेलं चिकन तापायला फार वेळ घेतं आणि ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जितका वेळ जाईल तितके जंतू वाढतात. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ७४ अंश म्हणजे तुमच्याकडचे १६५ फॅरनहाइट झालंच पाहिजे, दोरे सुटायला त्याच्याही बरंच पुढे जावं लागतं.

आणि आता जे मी गेल्या वेळी लिहिलंच नाही ते. चिकन बाहेर काढ, ताटात घे, दोन काट्यांनी सुटं कर. भांड्यात उरलेला रस एका पसरट पॅनमध्ये ओत आणि मोठ्या आचेवर आटव. किती? उलथन्यानं पॅनच्या तळाला रेघ ओढली आणि ती लगेच बुजली नाही की झालं. बारा-पंधरा मिनिटं लागतात. मग त्यात चिकन घालून दोन मिनिटं हलव, ते सगळं शोषून घेतं. ताटात एक चमचा सारण ठेवून बघ, त्याच्याभोवती पाण्याचं तळं झालं नाही की टाको भर.

दहा तास ऑफिस असतं त्याचं काय, हे तू विचारलं नाहीस पण विचारशील. टायमरवाला कुकर घे, पाच तासांनी आपोआप वॉर्मवर, म्हणजे नुसतं गरम ठेवण्यावर जाणारा. पण उलटं करायचं नाही, म्हणजे कच्चं चिकन सकाळी भरून कुकर दुपारी सुरू होईल असं लावायचं नाही. तोपर्यंत कच्चं चिकन नुसतं बाहेर बसून राहतं. मी तर रविवारीच करून ठेवते.

प्रश्न (पुणे) : मुलानं अमेरिकेहून हौसेनं स्लो कुकर आणला. अडॉप्टर पिन लावून सुरू केला तर अर्ध्या तासात जळका वास, मग धूर, मग एमसीबी पडला. आता तो दुरुस्त होईल का? आणि नाही झाला तर त्याच्याशिवाय टाको होतील का? माझं वय ६८ आहे, नवीन घेणार नाही.

उत्तर : काका, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, आतली कॉइल गेली असणार. पिनेचा अडॉप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही. तिकडची वस्तू १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. दुप्पट व्होल्टेज म्हणजे उष्णता दुप्पट असं वाटतं पण ती जवळजवळ पावणेचारपट होते, २४० वॉटचा कुकर ८८० वॉटच्या आसपास ओढायला लागतो. म्हणजे स्लो कुकर राहतच नाही तो, शेगडी होते. स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून चालतात या गोष्टी, पण तो ट्रान्सफॉर्मर इतका जड नि महाग की इथलाच कुकर घेतलेला परवडतो. मी स्वतः तिकडून आणलेला राइस कुकर अश्शाच रीतीनं पहिल्याच दिवशी घालवला होता, सासूबाई समोर बसलेल्या, त्या काही बोलल्या नाहीत, उठून भाताचं पातेलं गॅसवर ठेवलं.

आणि स्लो कुकर नाही म्हणून काही अडत नाही हो. मुळात हे यंत्र आलंच कशातून बघा. अर्विंग नॅक्सन नावाच्या शिकागोच्या माणसानं १९४० साली याचं पेटंट मिळवलं. त्याची आई लिथुआनियातल्या लहानपणच्या गोष्टी सांगायची, तिथल्या ज्यू घरांतून शनिवारी चूल पेटवायची नाही म्हणून शुक्रवारी संध्याकाळी चोलेंटची, म्हणजे मांस-कडधान्याच्या रश्शाची हंडी बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवायचे, भट्टी थंड होत जायची आणि त्या उरलेल्या उबेवर ते रात्रभर शिजायचं. पुढे एका कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ साली तो क्रॉक पॉट या नावानं बाजारात आला, बायका नोकरीला बाहेर पडत होत्या तो काळ, धडाधड खपला. आपल्याकडे चुलीतल्या निखाऱ्यावर रात्री दुधाचं भांडं ठेवायचे, त्यातलाच प्रकार.

तुमच्यासाठी कृती अशी. जाड बुडाचं पातेलं, वरच्यासारखंच सगळं सामान, फक्त अर्धी वाटी पाणी घाला कारण गॅसवर पाणी उडतं. वर खोलगट ताट झाकण म्हणून आणि त्या ताटात पाणी. हे आपल्या आयाबायांनी सुक्या भाजीला वर्षानुवर्षं केलंय, ताटातलं पाणी तापून उडत राहतं, झाकण त्यामानानं गार राहतं, आतली वाफ थेंब होऊन खाली येते. लहानात लहान गॅसवर ४५ ते ५० मिनिटं. प्रेशर कुकरमध्ये पण होईल, अर्धी वाटी पाणी, एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून दहा मिनिटं, मग वाफ आपोआप जाऊ द्या. चव थोडी वेगळी लागते, दोरे जरा आखूड सुटतात, पण खाणाऱ्याला काही फरक पडत नाही.

प्रश्न (नाशिक) : चिपोत्लेचा इम्पोर्टेड छोटा डबा बघितला, किंमत बघून परत ठेवला. आपली लाल मिरची घातली तर चालेल ना? कुठली?

उत्तर : चालेल पण नुसती नाही चालणार. चिपोत्ले म्हणजे झाडावर पिकून लाल झालेली हालापेन्यो मिरची, ती धुरावर वाळवतात. नाव पण त्यावरनंच, तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेत धुरातली मिरची अशा अर्थाचा शब्द आहे. आपली मिरची उन्हात वाळते, तिला तिखटपणा आहे, रंग आहे, धूर नाही. आणि टिंगाला टिंगा करतो तो धूर.

मी करते ते असं. सहा-सात ब्याडगी आणि दोन लवंगी. ब्याडगी रंगाला नि त्या गोडसर जाड चवीला, लवंगी तिखटाला. बिया झटकून तव्यावर अगदी मंद भाजायच्या, फुगल्या आणि वास सुटला की लगेच उतरवायच्या, काळी पडली की कडू, मग ती फेकूनच द्यायची, एखादी काळी राहिली तरी सगळ्याला कडवट करते. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून, एक चमचा व्हिनेगर, चिमूटभर गूळ घालून वाटायचं. आदोबोला जो आंबटगोडपणा असतो तो यातून येतो. टोमॅटो वांग्यासारखे थेट गॅसवर भाजून घ्या, साल काळी झाली पाहिजे.

धुरासाठी दोन रस्ते. सोपा (आपला मराठी सोपा) म्हणजे स्मोक्ड पॅप्रिका (धुरावलेल्या लाल मिरचीची पूड) अर्धा चमचा, ऑनलाइन मिळते, छोटी बाटली वर्षभर जाते. दुसरा आपला धुंगार. चिकन पूर्ण तयार झाल्यावर त्यात मधोमध छोटी स्टीलची वाटी ठेवा, त्यात लालभडक निखारा, वर तेलाचे चार थेंब, धूर उसळला की झाकण. तूप नको, तुपाचा वास आला की ते बिर्याणीकडे जातं. दोन मिनिटं, फार तर तीन. एकदा मी फोनवर बोलत बसले आणि दहा मिनिटं राहिलं, खाताना होळीची राख चाखल्यासारखं झालं.

ओरेगॅनोचं एक राहिलं. पिझ्झाबरोबर येतो तो ओरेगॅनो पुदिन्याच्या कुळातला, मेक्सिकोचा वेगळ्याच झाडाचा, आपल्या घाणेरीच्या कुळातला, जास्त उग्र. पिझ्झावाला घातलात तरी चालतोय, मी त्यात चार दाणे ओवा चुरडून टाकते. मेक्सिकन माणसाला सांगू नका.

प्रश्न (वर्धा) : काकू, मक्याचं पीठ आणून टॉर्टिया केले. थापताना तुटतात, कसेतरी भाजले तर दुमडताना मधून मोडतात. भाकरीची सवय आहे हो मला, ज्वारीची पातळ भाकरी करते मी, तरी हे जमेना.

उत्तर : तुमचा हात चुकत नाहीये, पीठ चुकतंय. आणि हे पत्र वर्ध्याहून आलं म्हणून मला फार बरं वाटलं, का ते पुढे सांगते.

आपल्याकडे मिळतं ते नुसता मका दळून केलेलं पीठ. टॉर्टियाचं पीठ वेगळं, त्याला मासा म्हणतात (आपला मासा नाही, कोकणातल्यांनी गैरसमज करून घेऊ नये). त्यात मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर त्यातच मुरवतात, सकाळी चोळून धुतात म्हणजे वरची सालं निघून जातात, आणि मग तो ओला मका दळतात. पूर्वी हे पाट्यावर वाटायचे, मेताते म्हणतात त्याला, तीन पायांचा उतरता दगड आणि वर वरवंटा, बघितलंत तर म्हणाल हा तर आमचाच पाटा. चुन्यामुळे मक्याची चिकटी बदलते, पीठ एकमेकांना धरून राहतं, म्हणून टॉर्टिया दुमडतो. नुसत्या मक्याच्या पिठाला ती धरच नाही, तुम्ही कितीही उकड काढा.

आणि फायदा नुसता दुमडण्याचा नाही. मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व बांधलेलं असतं, अंगी लागत नाही, चुन्यानं ते मोकळं होतं. युरोपनं मका नेला पण ही चुन्याची युक्ती नेली नाही, आणि मग जिथं गरीब माणसं जवळजवळ मक्यावरच जगत होती तिथं, उत्तर इटलीत, पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत, पेलाग्रा नावाचा रोग पसरला. कातडी सोलपटायची, डोक्यावर परिणाम व्हायचा, माणसं मरायची. मेक्सिकोत हजारो वर्षं मका खातायत, तिथं हे असं सर्रास झालं नाही.

आता वर्धा. पांडुरंग खानखोजे तुमच्या जिल्ह्यातले. परदेशातल्या भारतीयांच्या गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रज मागे लागलेले, देशोदेशी फिरत १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचले आणि मेक्सिको सिटीजवळच्या चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवायला लागले. तिथं त्यांनी मक्याच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या मेक्सिकन चित्रकारानं मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत जी भित्तिचित्रं काढली त्यातल्या एकात टेबलाशी बसून भाकर मोडून देणारा माणूस आहे, तो खानखोज्यांवरून काढलेला. स्वातंत्र्यानंतर ते परत आले, १९६७ साली नागपुरात वारले. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा बसवलाय. म्हणजे मेक्सिकोला मक्याचं ज्ञान द्यायला वर्ध्याचा माणूस गेला होता आणि तुम्ही म्हणता जमेना!

करायचं कसं ते सांगते. ऑनलाइन मासा हारिना नावानं तयार पीठ मिळतं, तेच घ्या. कॉर्नफ्लोअर नाही, ते पांढरं स्टार्च वेगळं. दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी कोमट पाणी, चिमूट मीठ, मळून ओल्या फडक्याखाली वीस मिनिटं ठेवा. गोळी करून अंगठ्यानं दाबा, कडेला चिरा पडल्या तर पाणी कमी, बोटाला चिकटलं तर जास्त. दुधाची पिशवी कापून, धुऊन, तिचे दोन तुकडे वर-खाली घ्या, मधे लिंबाएवढी गोळी, वरून सपाट बुडाच्या डब्यानं दाबा. तवा चांगला तापलेला हवा. पहिली बाजू वीस-तीस सेकंद, उलटा, दुसरी मिनिटभर, परत उलटा की फुगायला लागेल. उतरवला की लगेच फडक्यात गुंडाळायचा आणि सगळे एकावर एक ठेवायचे. ही शेवटची पायरी सोडू नका. तव्यावरून उतरल्यावर तो जरा ताठच असतो, फडक्यातल्या वाफेत दहा मिनिटं राहिला की मऊ होतो. भाकरी आपण उघडी ठेवतो म्हणून हात तसाच जातो.

घरी चुना घालून करायचं असेल तर एक किलो वाळका मका (स्वीट कॉर्न नाही), दहा ग्रॅम खाण्याचा चुना, पण तो फूड ग्रेडच घ्या, पानपट्टीवरून आणू नका. मी दोनदा केलं, दळायला मिक्सरनं दम तोडला, तेव्हापासून तयार पीठच.

प्रश्न (कोल्हापूर) : ताई, टाको म्हणजे तो कुरकुरीत वाकवलेला पापड असतो ना? तुम्ही मऊ मऊ काय म्हणताय? आणि पोळीत भरलं तर?

उत्तर : तो कुरकुरीत वाकवलेला प्रकार अमेरिकेनं जगभर नेला, ग्लेन बेलनं १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात टाको बेल नावाचं फास्टफूडचं दुकान काढलं त्यानंतर तर फारच. मेक्सिकोत रस्त्यावर मिळतो तो तळहाताएवढा मऊ टॉर्टिया, बऱ्याचदा दोन एकावर एक, वर सारण, चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू, संपलं. चीजचा डोंगर नाही की लेट्यूसचं जंगल नाही. कुरकुरीत आवडत असेल तर खा की, पण पहिल्या घासाला तो मोडतो आणि शर्टावर सांडतो, हे तुम्हालाही माहितीये.

पोळीचं म्हणाल तर लाजायचं काही कारण नाही, उत्तर मेक्सिकोत, सोनोराकडे गव्हाचेच टॉर्टिया खातात. घडीची पोळी नको मात्र, पदर सुटतात. फुलका बरा.

प्रश्न (ठाणे) : आमच्याकडे श्रावण कडक. चिकनऐवजी राजमा स्लो कुकरमध्ये रात्रभर लावला तर सकाळी टाकोला होईल का?

उत्तर : नका लावू! या एका बाबतीत मी हात जोडून सांगते. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, लाल राजम्यात सगळ्यात जास्त. ते खळखळ उकळल्यावरच जातं. स्लो कुकर अर्धवट तापतो, दाणा मऊ होतो पण विष तसंच, उलट कमी तापमानाला ते वाढलेलं पण आढळलंय. चार-पाच दाण्यांनीसुद्धा उलट्या-जुलाब होतात. राजमा भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा, मग हवं तर स्लो कुकरमध्ये घाला. प्रेशर कुकरमध्ये शिट्ट्या काढल्यात तर प्रश्नच नाही.

पण श्रावणात मी राजमा करतच नाही, कुयरीची भाजी करतो ना आपण, तो कोवळा फणस घेते. उकडून ठेचला की दोरे असे सुटतात की न सांगता वाढलंत तर पहिले दोन घास कुणाला कळत नाही. अमेरिकेत तो डब्यात मिळतो, पाण्यातला घ्या, पाकातला नको. फणसाला स्वतःची चव फार नसते म्हणून मिरचीचं वाटण दीडपट. आणि कांदा-लसूण पण चालत नसेल तर मग टाको भाद्रपदातच करा, त्यांच्याशिवाय मजा नाही.

प्रश्न (सातारा) : आपल्या मासिकात आपल्या पदार्थांची काय कमी आहे म्हणून हे परदेशी टाको-बिको? आपली मिरची-भाकरी काय वाईट आहे?

उत्तर : आबा, मिरची-भाकरीतली मिरची त्या टाकोवाल्यांचीच आहे. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांच्याबरोबर ती इथं आली, त्याआधी आपण तिखटाला मिरी वापरायचो. टोमॅटो तिकडचा, मका तिकडचा, पेरू, पपई, सीताफळ तिकडचं. उपासाला बसा, साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, हिरवी मिरची, सगळा फराळ अटलांटिकपलीकडचा, एक वरी तेवढी आपली. आणि त्यांच्या टाकोवर जी कोथिंबीर नि लिंबू असतं ते स्पॅनिश लोकांनी जुन्या जगातून तिकडे नेलं, लिंबू तर आपल्या आशियातलं. त्यामुळे कोण परदेशी ते तुम्हीच ठरवा. पुढच्या अंकात झुणका आहे, रागावू नका.

प्रश्न (न्यू जर्सी) : उरलेलं चिकन किती दिवस टिकतं? मुलाच्या डब्यात दिलं तर चालेल?

उत्तर : दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, उथळ डब्यात पसरून, म्हणजे लवकर गार होतं. तीन-चार दिवस. गरम करताना स्लो कुकरमध्ये नाही, तो फार सावकाश तापतो, पॅनवरच करा. डब्यात टॉर्टिया वेगळे फॉइलमध्ये, चिकन वेगळं. एकत्र भरून दिलंत तर दुपारपर्यंत लगदा, आणि मग तो डबा तसाच परत येतो.

प्रश्न (रत्नागिरी, इयत्ता नववी) : चिकन काट्यांनी सुटं करायचं काम माझ्याकडे असतं आणि हात दुखतात. मिक्सरमध्ये फिरवलं तर?

उत्तर : चटणी होईल बाळा. आणि हात दुखतायत म्हणजे एकतर चिकन अजून शिजलेलं नाही, नीट शिजलं असेल तर काटा लावला की आपोआप सुटतं, नाहीतर तू ते पार गार झाल्यावर करतोयस. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांब, सरळ हातानं कर, दोऱ्यांच्या दिशेनं ओढ, आडवं नाही. केक फेटायचा हँड मिक्सर घरात असेल तर एकदम हळू स्पीडवर अर्धा मिनिट चालतो, खोल भांड्यात धर नाहीतर भिंतीवर जाईल. आणि हे काम करणाऱ्याला पहिला टाको मिळतो असा आमच्याकडे नियम आहे, आईला सांग मी सांगितलंय म्हणून.